टेबल सोडताना

१

पिसता पिसता पत्ते पुन्हा सांडले, आणि ते गोळा करताना ताईने दातओठ खाल्ले. देवाने हिला नाक दिलं ते राग ठेवायला, असं तिची आई म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुळसुळीत कापडावर सरळ टीप घालणारे ताईचे हात. पण हे मेणचट पत्ते त्या हातांना जुमानत नव्हते.

"बाई, पत्त्यांवर चिडू नका," सर म्हणाले. "चिडलेला हात पत्त्यांना कळतो."

"पत्त्यांना कळतं. इथल्या माणसांनाच काही कळत नाही," ताई म्हणाली. बाकीचे शिकाऊ खाली मान घालून हसले.

सर म्हणजे कॅसिनोतले जुने डीलर. टेबलापाशी उभं राहून पत्ते वाटायचं काम त्यांनी उमेदीत केलं होतं आणि आता ते नव्यांना शिकवत होते. नखं स्वच्छ, बोलणं मऊ. मऊ बोलणाऱ्यांचा ताईला मुळातच तिटकारा. ओरडणाऱ्याच्या पोटात काय आहे ते निदान कळतं तरी, असं तिचं मत होतं.

वर्ग सकाळी भरायचा, कॅसिनोच्याच इमारतीत. भिंतीपलीकडे मोठा हॉल होता, पण तो त्या वेळी बंद असायचा. वर्गात एक अर्धगोल टेबल, त्यावर हिरवं कापड, समोर सात उंच खुर्च्या. शिकायचा खेळ एकच, ब्लॅकजॅक. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या पुढे गेलात की मेलात. शेंबड्या पोरालाही येईल असा खेळ, असं ताईला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

खेळाशी तिला कर्तव्य नव्हतं. ती आली होती भावासाठी. धाकटा भाऊ, घरातला बारक्या. ताईपेक्षा वीतभर उंच झाला तरी नाव तेच राहिलं. तो इथेच डीलर होता. डीलरच्या पँटला खिसे चालत नाहीत, म्हणून त्याच्या पँटींचे खिसे ताईने शिवून बंद केले होते. शर्टही तीच शिवायची, कारण बारक्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता आणि दुकानातला तयार शर्ट त्याच्या अंगावर उसना आणल्यासारखा दिसायचा.

एका संध्याकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात काहीतरी जळलं, धूर झाला, भोंगा वाजला. सगळे बाहेर पळाले, बारक्याही पळाला. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. बारक्या चालत घरी आला, बूट काढून जागेवर ठेवले, खुर्चीवर बसला आणि तेव्हापासून तो आपणहून उठलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ द्या. कॅसिनोने फळांची टोपली पाठवली. ताईने ती टोपली आल्या पावली परत नेऊन त्यांच्या दारात आपटली आणि विचारलं, माझ्या भावाला काय केलंत? कुणी ताकास तूर लागू दिली नाही. मग नव्या डीलरांच्या वर्गाची पाटी लागली, तेव्हा तिने शिवणाचं दुकान सकाळचं बंद ठेवलं आणि नाव घातलं. तूप सरळ बोटाने निघत नसेल तर बोट वाकडं करायला ती तयार होती.

२

घरी आई बारक्याला भरवत होती. भाताचा घास पुढे केला की तो तोंड उघडायचा, चावायचा, गिळायचा. डोळे समोरच्या भिंतीवर. हात मांडीवर पालथे, हलायचे नाहीत.

"झालं त्याचं," आई म्हणाली आणि ताट बाजूला सारलं.

"एवढंच? अर्धं तसंच आहे की."

"सतराच घास घेतो. अठरावा घेत नाही."

"तू घास मोजत बसतेस?"

"दुसरं काय करू मी? हसतोय का बोलतोय तो, म्हणून ते ऐकत बसू?" आईचा आवाज चढला आणि लगेच बसला. "लहान केले तरी सतरा. मोठे केले तरी सतराच."

"काहीतरीच तुझं," असं म्हणून ताईने ताट ओढलं आणि स्वतः घास केला. बारक्याचे ओठ बंद होते. तिने घास ओठांना लावला, गाल दाबला, अगदी लहानपणी द्यायची तशी धमकीही दिली. तो हट्ट करत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याने तिचा जीव जास्त जळला. हट्ट असता तर दोन रट्टे देता आले असते. इथे घ्यायचं की नाही हे ठरवणारं आत कुणी नव्हतंच.

घरातल्या याच जेवणाच्या टेबलावर बारक्या पत्त्यांचा सराव करायचा. ताई शिवण घेऊन बाजूला बसायची आणि त्याच्या हाताचा आवाज तिच्या कानात भरून राहिला होता. सर्र, सर्र, मग जरासा खंड, मग सर्र. खांदा खाली असल्यामुळे डावी बाही त्याच्या मनगटावर उतरायची. ती मागे ओढायला तो मध्ये थांबायचा. "बाही आखूड करून दे की," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "खांदा सरळ कर, बाही आपोआप आखूड होईल."

३

"आता डीलरचा नियम," सर म्हणाले. "समोरचा खेळणारा आपल्या मनाने खेळतो. पत्ता हवा असेल तर बोटाने कापडावर टकटक करेल, नको असेल तर हात आडवा हलवेल. त्याला मन आहे. डीलरला नाही. डीलरची बेरीज सोळा किंवा त्याहून कमी असेल तर पत्ता घ्यायचाच. सतरा झाली की थांबायचंच."

"आणि नाही थांबलं तर?" चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

"नाही थांबलं, असं नसतं. तुम्हाला काय वाटतं ते टेबलाला नको असतं."

ताईच्या हातातले पत्ते हातातच राहिले. तिला आईचं ताट दिसलं, अर्धं भरलेलं. योगायोग, तिने स्वतःला बजावलं. ज्या माणसाने इतके दिवस एकच नियम पाळला त्याच्या अंगात तो मुरणारच. माझेही पाय झोपेत मशीन चालवल्यासारखे हलतात. डॉक्टरला सांगितलं पाहिजे. डॉक्टर मान हलवेल आणि आणखी एक गोळी वाढवेल, हेही तिला माहीत होतं.

सरांनी सगळ्यांना गप्प राहून आपापले पत्ते मोजायला लावलं. खोलीत शांतता झाली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. अगदी हलका, कापडावरून पत्ता सरकतो तसा. ताईने मान वर केली. बंद हॉलमध्ये कुणीतरी सराव करत असेल, असं तिला वाटलं.

सर्र, सर्र. मग जरासा खंड. मग सर्र.

ताईच्या मानेवर काटा आला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"पलीकडे कोण आहे?" तिने विचारलं.

"हॉल बंद आहे, बाई."

"मी काय विचारलं, तुम्ही काय सांगताय!"

"पत्ते मोजा," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल सोडायला शिकवलं. ताईला वाटलं होतं, वाटून झालं की डीलर निघून जात असेल, जशी ती मशीनवरून उठायची. तसं नव्हतं. डीलरची वेळ संपली की बदलीचा डीलर मागून येतो आणि त्याच्या खांद्यावर थाप मारतो. थाप पडली की टेबल बदलीच्या माणसाचं झालं. मग पहिल्याने टाळी वाजवायची, दोन्ही पंजे उलटसुलट करून दाखवायचे की हातात काही घेतलेलं नाही, आणि बाजूला व्हायचं. मागे वळून बघायचं नाही.

"थाप पडल्याशिवाय टेबल सोडायचं नाही," सर म्हणाले. "तहान लागो, पोटात दुखो. छत पडलं तरी नाही."

"आणि भोंगा वाजला तर?" ताईने विचारलं.

कुणी हसलं नाही. सरांनी वर्ग लवकर सोडला. बाकीचे जाईपर्यंत ते टेबलावरचं कापड तळहाताने साफ करत राहिले, त्यावर काही नव्हतं तरी.

"तुम्ही कोण ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत होतं? आणि गप्प बसलात? मी इथे रोज माकडासारखी पत्ते सांडतेय आणि तुम्ही मजा बघताय?"

"तुम्ही शिकायला हव्या होतात. न शिकलेल्या माणसाला तुमच्या भावाच्या टेबलापाशी नेता येत नाही." त्यांनी पहिल्यांदाच नजर चुकवली. "त्याने टेबल सोडलं, बाई. थाप न पडता. इथे आजवर कुणी सोडलं नव्हतं."

"आग लागली होती! मरायला थांबायचं होतं का त्याने?"

"मी त्याला दोष देत नाही."

"तुम्ही दोष देणारे कोण? दोष मी द्यायचा आहे!" तिने हातातला पत्त्यांचा जोड टेबलावर आपटला. "चांगला हसता खेळता पोरगा तुमच्या दारात पाठवला होता आम्ही. आणि परत काय आलं? घास मोजणारं शरीर! आणि तुम्ही फळं पाठवता!"

तिचं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "मी स्वतः जाऊन बघितलं. थाप मारायला. मला खांदा सापडत नाही. तो कुठे उभा आहे ते कळतं, आवाज येतो. पण खांदा सापडत नाही."

ताईला हसू यायला हवं होतं. शहाण्यासारखा दिसणारा माणूस काय बरळतोय, असं म्हणून ती घरी जायला हवी होती. पण ती भिंतीकडे बघत उभी राहिली, कारण भिंतीपलीकडे पुन्हा सुरू झालं होतं, आणि मधला तो खंड बाहीचा होता.

"दार उघडा," ती म्हणाली.

५

हॉलमध्ये भर दिवसा सगळे दिवे लावलेले होते. एकही खिडकी नव्हती. दूरच्या कोपऱ्यात एक बाई गालिच्यावरून सफाईचं यंत्र फिरवत होती. एका टेबलापासून मात्र ती लांब होती. तिथला गालिचा तिने साफ केलेलाच नव्हता. त्या टेबलावर राखाडी आच्छादन टाकलेलं होतं, खाली गालिच्यापर्यंत लोंबणारं.

"पत्ते आम्ही केव्हाच काढून घेतलेत," सर हळू आवाजात म्हणाले. "आत काही नाही. तुम्ही थाप मारा, एक डाव वाटा, नुसत्या हाताने. मग मी तुम्हाला थाप मारतो. टेबल माझं होईल, मी ते रीतसर बंद करतो. एवढंच."

"एवढंच," ताई म्हणाली. "तुमचं एवढंच मला चांगलं माहीत आहे."

ती टेबलाजवळ गेली. सफाईचं यंत्र बंद झालं आणि बाई निघून गेली असावी. मग आवाज स्पष्ट आला. सर्र, सर्र. आणि ताईने पाहिलं की आच्छादन हलतंय. डीलरच्या बाजूने कापडाखाली एक हलकासा उंचवटा निघायचा, पहिल्या खुर्चीपर्यंत जायचा आणि विरायचा. मग दुसऱ्या खुर्चीपर्यंत. मग खंड. वारा, तिने मनात म्हटलं. खालून पंखा असेल, तार असेल, काहीही असेल. तिचं डोकं कारणं शोधत होतं आणि पाय मात्र टेबलाच्या मागच्या बाजूला पोचले होते.

डीलर उभा राहतो त्या जागेवर कुणी नव्हतं. गालिचा मात्र दोन पावलांएवढा दबलेला होता, आणि ती बघत असताना एका पावलावरून भार दुसऱ्यावर गेला.

मग टेबलाच्या पलीकडच्या कडेला, एका रिकाम्या खुर्चीसमोर, आच्छादनात खळगा पडला. बोटाएवढा. एकदा, आणि पुन्हा एकदा. टकटक. पत्ता हवा.

डीलरच्या बाजूचा उंचवटा घाईघाईने निघाला. तिचा भाऊ दमला होता. इतके दिवस, इतक्या रात्री, तो कुणाला तरी वाटत होता आणि त्याला कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

"कोण आहे रे तिकडे बसलेलं?" ती ओरडली. सर मागून म्हणाले, "बाई, तिकडे बघू नका. खांदा."

तिने हात वर केला. हवेत हात फिरवताना स्वतःचीच लाज वाटली. सर कुठे चुकले ते तिला कळलं. सगळी माणसं खांदा असायला हवा तिथे शोधतात. तिने हात चार बोटं खाली आणला, डावीकडे. बोटांना कापड लागलं. इस्त्रीचं, गरम. बोट पुढे सरकलं आणि खांद्याची शिवण लागली, आतून दुहेरी टीप घातलेली, झोळ पडू नये म्हणून तिने स्वतः घातलेली. त्या शिवणीखाली खांदा थरथरत होता. क्षणभर तिला मान दिसली, घामाने चिकटलेले केस, तिच्याकडे न वळलेलं डोकं.

ताईने थाप मारली.

टाळी वाजली. इतकी जवळ की तिच्या गालाला वारा लागला. गालिच्यावरचे दोन ठसे हलके हलके भरून आले. हाताखाली काही उरलं नाही.

"आता तुम्ही," सर म्हणाले. "एक डाव. लवकर, बाई."

आणि समोरच्या आच्छादनात पुन्हा खळगा पडला. टकटक. या वेळी तिच्यासाठी. तो थांबला आणि पुन्हा पडला, जास्त खोल, गिऱ्हाइकाने दुकानात अडून बसावं तसा. मग शेजारच्या खुर्चीसमोर. मग त्याच्या शेजारी.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या भावाला इतके दिवस राबवलं ते राबवलं, आणि आता मला हुकूम सोडता? "मिळणार नाही!" ती किंचाळली. "एक पत्ता मिळणार नाही! मी कुणाच्या बापाची नोकर नाही!"

ती वळली आणि दाराकडे चालू लागली.

"बाई, थांबा! टेबल तुमचं आहे! असं नका सोडू!" सर धावत आले. त्यांचा मऊ आवाज फाटला होता. त्यांनी हात लांब करून तिच्या खांद्याकडे नेला.

"अंगाला हात लावायचा नाही!" ताईने तो हात खांद्याला लागायच्या आत झटकला, इतक्या जोरात की सर बाजूच्या खुर्चीवर आदळले. तिने दार ढकललं आणि ती बाहेर पडली.

६

रस्त्यावर ऊन होतं. एका माणसाने घाईत तिला धक्का दिला आणि वर तिलाच "बघून चाला" म्हणाला. ताई बाजूला झाली. तापातून उठल्यावर वाटतं तसं तिला हलकं वाटत होतं.

घराचं दार उघडं होतं. बारक्या स्वयंपाकघरात उभा होता आणि पातेल्यातूनच भात खात होता, हाताने, बकाबका. आई रडत होती, हसत होती आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ताईला बघताच तो धावत आला आणि त्याने तिला मिठी मारली. त्याच्या हाताला भात लागला होता, तो तिच्या साडीला लागला.

"ताई, तू आलीस. मला कळलं तूच आहेस. दुसऱ्या कुणाला तो खांदा सापडला नसता." तो बोलत होता, रडत होता, पुन्हा बोलत होता. "मी पाणी मागत होतो गं. मला तिथून हलता येत नव्हतं."

"बरं झालं आलास," ताई म्हणाली. ती खुर्चीवर बसली.

बारक्या जरा थांबला. "सरांनी तुला सोडवलं ना? थाप मारली ना त्यांनी?"

"नाही. मी निघून आले."

आईला त्यात काही कळलं नाही. ती दूध तापवायला वळली. बारक्या मात्र तिथेच उभा राहिला. त्याने ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. ओट्यावर तिची मोठी कात्री पडली होती, रेशीम कापायची, जिला घरात कुणी हात लावायचा नाही असा कायदा होता.

"ताई," तो सावकाश म्हणाला, "भूक लागली होती. मी दुधाची पिशवी तुझ्या कात्रीने कापली."

ताईने कात्रीकडे पाहिलं. पात्यावर दूध वाळलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

बारक्याने कात्री उचलली. कपाटावरचं पुठ्ठ्याचं खोकं ओढून खाली घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून तो पुठ्ठा कापू लागला. जाड पुठ्ठा, पात्यातून कचकच आवाज येत होता. तो कापत होता आणि तिच्याकडे बघत होता.

"ओरड ना," तो म्हणाला. "ताई, शिव्या घाल मला. कानाखाली दे. ओरड ना गं!"

आई दूध विसरून वळली. "अरे, तिची कात्री!" ती म्हणाली आणि ताईकडे बघू लागली, आता काय होतंय म्हणून.

पुठ्ठ्याने कात्रीची धार जाते, हे ताईला माहीत होतं. तिने हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्याचं कापून व्हायची वाट बघत ती बसून राहिली.